गाडी बंद, ऊब चालू

“केळं तर चालतं संकष्टीला,” मी म्हणाले.

“चालतं. पण मला नको,” शालनकाकू म्हणाल्या आणि खिडकीबाहेर बघत राहिल्या.

बाहेर बघण्यासारखं काही नव्हतं. जर्मनीतला जानेवारी. नुकते सात वाजून गेले होते, पण काळोख मध्यरात्रीसारखा. रस्त्याच्या कडेला ढकलून ठेवलेला मळकट बर्फ आणि पुढच्या ट्रकचे लाल दिवे, बस्स. मी केळं परत दोन सीटांच्या मधल्या खाचेत ठेवलं. विमानतळाच्या दारात एकदा विचारून झालं होतं, पार्किंगमध्ये एकदा, आणि आता हे. जन्मात मी कुणाला इतका आग्रह केला नव्हता. लातूरला आमच्या घरी आग्रहाचं खातं आईकडे असायचं, माझ्याकडे फक्त ताटं उचलायचं.

पण त्या संध्याकाळी मला त्यांना जेवू घालायचंच होतं. कारण त्यांचा मुलगा मयूरेश त्याच दिवशी सकाळी गेला होता, आणि हे त्यांना अजून कुणीही सांगितलं नव्हतं.

तो गेला तेव्हा त्या विमानात होत्या. ऑफिसचा जिना चढता चढता छातीला हात लावून खाली बसला तो उठलाच नाही. वय काय, तर छत्तीस. ना दारू, ना सिगारेट. आम्ही उल्म गावात एकाच इमारतीत राहायचो, तो वरच्या मजल्यावर आणि मी खालच्या. तातडीला कुणाला कळवायचं म्हणून त्यानं ऑफिसात माझा नंबर देऊन ठेवला होता. मी धावतपळत दवाखान्यात पोचले तोवर सगळं आटोपलं होतं. तिथूनच मी तासगावला त्याच्या मामांना फोन लावला.

आप्पामामा म्हणाले, “पोरी, विमानतळावर तू जा. आणि एक ऐक माझं. शालनला रिकाम्या पोटी काही सांगू नको. आधी दोन घास जाऊ देत पोटात, मग सांग. साखरेच्या गोळ्या घेती ती. एकदा कळल्यावर अन्नाला शिवायची नाही.”

आपल्याकडे हे काही नवीन नाही. माणूस प्रवासात असेल तर ‘जरा बरं नाही, निघून ये’ एवढंच कळवायचं, घरी आल्यावर हातपाय धुवायला लावायचे, ताट वाढायचं, आणि हात धुऊन झाला की सांगायचं. मी या प्रकाराची आजवर टिंगलच करत आले होते. पण फोनवर मी मुकाट्यानं हो म्हणाले. त्या दिवशी संकष्टी आहे हे त्या धक्क्यात ना मामांच्या लक्षात आलं, ना मला माहीत होतं.

विमानतळावर सांगायचं खोटं मी वाटेत घोकून ठेवलं होतं. मयूरेशला अचानक दुसऱ्या गावी कारखान्यात जावं लागलं, तिथं फोन लागत नाही, म्हणून मला पाठवलं. काकू ढकलगाडीवर दोन बॅगा आणि एक पिशवी रचून बाहेर आल्या. लहान चणीच्या, नाकीडोळी मयूरेशसारख्याच. प्राथमिक शाळेत आयुष्यभर शिकवलेलं, त्यामुळे समोरच्याकडे बघायची एक सवय होती, पाढा चुकलास का बघू, अशी. मी माझा पाढा म्हटला. त्यांनी माझ्या तोंडाकडे पाहिलं, माझ्या हातातल्या केळ्यांकडे पाहिलं, आणि म्हणाल्या, “बरं.” पुढे एक प्रश्न नाही. मला हायसं वाटलं. चला, पचलं म्हणायचं. फक्त मी केळं पुढे केलं तशा लगेच म्हणाल्या की आज संकष्टी आहे, चंद्र बघितल्याशिवाय तोंडात काही घालणार नाही.

तेव्हाच मला थोडं नवल वाटायला हवं होतं. मयूरेश आईच्या उपासांची मनसोक्त टर उडवायचा. “एकादशी अन् दुप्पट खाशी म्हणतात ना, तशी आमच्या आईची संकष्टी. सकाळी खिचडी, दुपारी रताळ्याचा कीस, चारला दाण्याचा लाडू, आणि चंद्र निघाला की मोदक.” हे मला गाडी चालवताना आठवलंही. पण म्हटलं, प्रवासानं अन्नावरची वासना उडाली असेल.

गाडी मयूरेशची होती. माझ्याकडे गाडी नव्हती, नुसतं लायसन्स होतं, आणि त्याच्या गाडीची दुसरी किल्ली माझ्याकडे असायची. एका म्हाताऱ्या डॉक्टरांकडून त्यानं ती जुनी पण भारीतली गाडी विकत घेतली होती, आणि नव्या सुनेचं करावं तसं तिचं कौतुक चालायचं. आई येणार म्हणून त्यानं ती आतून धुऊन घेतली होती. पुढच्या सीटवर एक गोधडी घडी घालून अंथरली होती. काकू बसल्या बसल्या तिच्यावरून हात फिरवत म्हणाल्या, “ही माझ्याच लुगड्यांची. तो इकडं आला तेव्हा बॅगेत जागा नव्हती, तरी कोंबली होती मी.”

अर्धं अंतर झालं तेव्हा मला त्यांचे हात दिसले. रुमालाची घडी घालत होत्या आणि बोटं थरथरत होती. गोळी घेतली का विचारलं, तर सकाळी विमानात घेतली म्हणाल्या. आता मात्र माझं धाबं दणाणलं. सांगावं तर उपाशीपोटी सांगायचं नाही, खाऊ घालावं तर चंद्र नाही. आड आणि विहीर म्हणतात ती अशी. फोनवर पाहिलं, उल्म गावचा चंद्रोदय आठनंतर होता. दवाखान्यात निरोपासाठी म्हणून एक खोली असते, मयूरेशला तिथं ठेवलं होतं, आणि आम्ही येईपर्यंत थांबते असं तिथल्या नर्सनं मला सांगितलं होतं. मी काकूंना म्हणाले, घरी पोचलो तर इमारतींतून चंद्र दिसायचा नाही. वाटेत मोकळ्यावर थांबू, तुम्ही चंद्र बघा, खाऊन घ्या, मग जाऊ. त्या म्हणाल्या, “थांब की. घाई काय आहे?”

महामार्ग सोडून मी एका चढावर गाडी घेतली. वर गाड्या उभ्या करायला थोडी सपाट जागा होती. आजूबाजूला बर्फानं झाकलेली शेतं, लांबवर झाडांची काळी रांग, आणि आमच्याशिवाय चिटपाखरू नाही. आभाळ मात्र लख्ख होतं. मी गाडी लावली आणि मग लक्षात आलं की तोंड पश्चिमेकडे झालंय. दिशांचं माझं ज्ञान पहिल्यापासून अगाध. पण पुन्हा वळवायचं त्राण नव्हतं. मी इंजिन बंद केलं. उभ्या गाडीचं इंजिन चालू ठेवलं तर त्या देशात दंड होतो, आणि बंद केलं तर पाच मिनिटांत माणसाचा बर्फ होतो. काकूंनी शाल ओढून घेतली, तेव्हा मला ते बटण आठवलं.

‘गाडी बंद, ऊब चालू,’ असं मयूरेश म्हणायचा. गाडी घेतल्यावर पहिल्याच हिवाळ्यात त्यानं मला खाली बोलावून हे दाखवलं होतं, आणि मी मुद्दाम जांभई दिली होती. मी ते बटण दाबलं. कुठंतरी आत बारीक घरघर सुरू झाली आणि पायांवर गरम वारा यायला लागला.

काकूंनी किल्लीकडे पाहिलं. “गाडी तर बंद केलीस. मग हे गरम कुठनं येतंय?”

मी त्यांना मला समजलं होतं तेवढं सांगितलं. इंजिन बंद केलं तरी त्याच्या आतलं पाणी तापलेलंच असतं. एक लहानसा पंप ते पाणी फिरवत ठेवतो. ते निवेपर्यंत ऊब मिळते.

“निवेपर्यंत,” त्या म्हणाल्या.

मग त्यांनी विचारलं, “हीच का ती गंमत?”

“कसली?”

“मयू म्हणाला होता, आई तू ये तर खरी, गाडीत तुला एक गंमत दाखवतो. फोनवर काही केल्या सांगेना. मी म्हटलं, छत उघडतंय काय तुझ्या गाडीचं? तर म्हणाला, त्याहून भारी.”

“हो,” मी म्हणाले. “हीच असणार.” त्याची गंमत मी दाखवून टाकली होती, आणि तीही धड दाखवली नव्हती.

काकूंनी दोन्ही तळहात गरम वाऱ्याच्या झरोक्यांसमोर धरले, चुलीसमोर धरावेत तसे. म्हणाल्या, आमच्या जुन्या घरी असंच असायचं, रात्रीच्या भाकरी झाल्या की लाकडं ओढून घ्यायची आणि निखाऱ्यावर दुधाचं पातेलं ठेवायचं, सकाळी चांगली जाड साय यायची. मयू ती साय उठल्या उठल्या बोटानं काढून खायचा आणि मांजराचं नाव सांगायचा.

मग त्या त्याच्याबद्दलच बोलत राहिल्या. लग्नानंतर बरीच वर्षं मूल नव्हतं, संकष्ट्या धरल्या आणि हा झाला, म्हणून गणपतीचं नाव. लहानपणापासून थंडी म्हटली की याच्या अंगावर काटा. तासगावच्या थंडीत ते काय गारठायचं असतं, पण हा कानटोपी घालून शाळेत, वर्गातली पोरं हसायची. “आणि राहायला आला कुठं, तर बर्फात,” काकू म्हणाल्या. मीही सांगायला लागले. पहिल्या हिवाळ्यात तो दोन पॅंट एकावर एक घालून ऑफिसला गेला आणि दिवसभर त्याला खाली बसता येईना. हे ऐकून काकू हसल्या. डोळ्यांना रुमाल लावून हसल्या. मीही हसले. तो काय खायचा, कुणाशी बोलायचा, रात्री केव्हा झोपायचा, सगळं विचारून झालं. तो आज कुठं गेलाय, कधी येणार, हे मात्र त्यांनी एकदाही विचारलं नाही.

बोलता बोलता माझं लक्ष समोरच्या आरशात गेलं. मागे, झाडांच्या रांगेवर, चंद्र आला होता. पिवळट, एका बाजूनं झिजलेला, चांगला मोठा.

काकू, चंद्र निघाला. एवढंच म्हणायचं होतं. माझ्या जिभेला हाड नाही अशी माझी दोन देशांत ख्याती, पण ते वाक्य काही तोंडातून निघेना. ते म्हटलं की त्या डबा काढणार, खाणार, हात पुसणार, आणि मग माझी पाळी. मी आरशातून नजर काढून घेतली. ऊब आहे तोवर बसू, असं मी स्वतःला सांगितलं. इतकी वर्षं झाली, पण त्या चंद्राला न बघितल्यासारखं करून मी कसल्या कसल्या गप्पा मारल्या ते मला अजून शब्द न शब्द आठवतं. मी त्यांना तिथल्या बटाट्यांचे प्रकार सांगितले.

हळूहळू पायांवरचा वारा कोमट झाला. मग नुसताच वारा राहिला. पंपाची घरघर तेवढी चालू होती.

“ऊब संपली गं,” काकू म्हणाल्या.

“हो. पाणी निवलं असेल.”

“चंद्र मघाच निघालाय,” त्या म्हणाल्या. “माझ्या बाजूच्या आरशात दिसतोय. केव्हाचा.”

“मलाही दिसतोय,” मी म्हणाले.

त्या दार उघडून खाली उतरल्या. मी धावत त्यांच्या बाजूला गेले, पाय घसरेल म्हणून. पाण्याच्या बाटलीच्या झाकणातून त्यांनी चंद्राच्या दिशेनं तीनदा पाणी सोडलं आणि हात जोडले. परत येताना तोल सावरायला बॉनेटवर हात टेकला आणि तो तिथंच ठेवून त्या जरा उभ्या राहिल्या.

आत बसल्यावर त्यांनी पिशवीतून स्टीलचा डबा काढला. तळणीचे मोदक, ओळीनं लावलेले. त्यातला एक हातात घेतला, पण तोंडात घातला नाही.

“आप्पानं सांगितलं असेल ना तुला, आधी जेवू घाल म्हणून?”

मी मान हलवली.

“मयूचे बाबा गेले तेव्हा मी माहेरी होते. आप्पाला सकाळीच कळलं होतं. त्यानं मला पाटावर बसवलं, स्वतः वाढायला बसला. पिठलं, भाकरी, मिरचीचा खर्डा. एरवी पाण्याचा तांब्या उचलत नाही तो माणूस. आणि खा, खा म्हणून आग्रह. मला बाई भूक लागली होती. दुसरी भाकरी मी मागून घेतली.” त्यांनी हातातल्या मोदकाकडे पाहिलं. “तिकडं हे असे पडलेले, आणि इकडं मी दुसरी भाकरी मागून घेतली. वर म्हटलं, आप्पा, खर्डा झणझणीत झालाय. ती भाकरी माझ्या घशात अजून आहे.”

मला रडू यायला लागलं होतं आणि मला त्यांच्या आधी रडायचं नव्हतं.

“आज त्या दारातनं बाहेर आले तर तू उभी. न्यायला येणारं माणूस फूल आणतं. तू केळी घेऊन आलीस. आणि पहिलं वाक्य काय, तर खाऊन घ्या. तिथंच मी ओळखलं, काहीतरी झालंय.”

“मग विचारलं का नाही, काकू?”

“विचारलं असतं तर तू सांगितलं असतंस.” मोदक त्यांच्या बोटांत तसाच होता. “मी खाल्ल्याशिवाय तुला सांगता येत नव्हतं. मी म्हटलं, आजारी असेल. दवाखान्यात असेल. चंद्र निघेपर्यंत तरी तो नुसता आजारीच होता.”

तेव्हा मला रडू आवरलं नाही. काकूंनी मोदक मोडला. अर्धा माझ्या तोंडाशी धरला आणि म्हणाल्या, “खा. तूपण सकाळपासनं उपाशीच असशील.” होतेच मी. आम्ही दोघींनी तो अर्धा अर्धा मोदक खाल्ला. त्यांनी खूप वेळ चावला, वर पाणी प्यायल्या, पिशवीतून गोळी काढून घेतली. डब्याला झाकण लावलं. मग दोन्ही हात मांडीवर ठेवून बसल्या.

“हं,” त्या म्हणाल्या. “आता सांग.”

मी सांगितलं. जिना, फोन, टॅक्सी, दवाखाना, सगळं. काही लपवलं नाही. त्या मान खाली घालून ऐकत होत्या. मध्ये एकदा त्यांच्या तोंडून “मयू” एवढं निघालं, हाक मारावी तसं. माझं संपल्यावर त्यांनी एकच विचारलं.

“तू गेलीस तेव्हा हात गरम होता त्याचा?”

“हो काकू. गरम होता.”

त्या दिवसभरात मी इतकं खोटं बोलले होते, पण हे खरं होतं. मी त्यांना सांगितलं की मी खोलीत गेले तेव्हा नर्सनं खिडकी सताड उघडली होती. तिथं तशी रीत आहे, जाणाऱ्याला वाट मोकळी करून देतात, हे मला मागाहून कळलं. त्या वेळी मला एवढंच दिसलं की बाहेरचा गार वारा थेट त्याच्या अंगावर येतोय. म्हणून मी उठून खिडकी लावून घेतली आणि त्याचा हात माझ्या दोन्ही हातांत धरून बसले. बराच वेळ गरम होता. मला उठवेना.

“खिडकी लावलीस?”

“हो.”

“बरं केलंस बाई,” काकू म्हणाल्या. “त्याला थंडी सोसत नाही.”

आणि मग त्या रडल्या. मोठ्यानं, तोंडावर हात न धरता. तिथं ऐकायला माझ्याशिवाय कुणी नव्हतं. मी त्यांना जवळ घेतलं, की त्यांनी मला घेतलं, आता सांगता यायचं नाही.

बऱ्याच वेळानं त्यांनी डोळे पुसले. पंपाची घरघर अजून चालू होती आणि झरोक्यांतून गार वारा येत होता. त्यांनी वाकून बटण शोधलं, “हेच ना?” म्हणून मला विचारलं आणि स्वतःच्या हातानं बंद केलं. मग सीटवरून जरा उठून अंगाखालची गोधडी काढली, नीट घडी घातली आणि मांडीवर घेतली. मी किल्ली फिरवली.

दवाखान्यात ती नर्स खरंच आमच्यासाठी थांबली होती. तिनं काकूंचा हात हातात घेतला, काहीतरी बोलली. ते मी मराठीत सांगितलं नाही आणि काकूंनी विचारलंही नाही. खोलीत एक मेणबत्ती लावलेली होती. मयूरेशच्या अंगावर पांढरी चादर होती. कुणीतरी मायेनंच केलं असेल, पण खिडकी पुन्हा उघडलेली होती.

मला वाटलं होतं, काकू धावत त्याच्याकडे जातील. त्या आधी खिडकीकडे गेल्या. टाचा उंचावून दांडी धरली, एकदा चुकीच्या बाजूला फिरवली, मग नीट फिरवली आणि खिडकी घट्ट लावून घेतली. हातानं दाबून पाहिली. मग गोधडी उलगडत त्या त्याच्याकडे वळल्या.